सोमणसाहेबांचं न उडालेलं हरिकेन

मंडळी, जरा पुढे या. कॅन्टीनच्या दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, बाकं रिकामी आहेत. पहिल्या शिफ्टची माणसं घरी न जाता थांबली आहेत, हे मी बघतोय. सोमणसाहेब इथं असते तर आधी हेच विचारलं असतं त्यांनी, "सगळे इथं, मग मशीन कोण बघतंय?"

वहिनी, जीएमसाहेब, साहेबांचे शेजारी हसमुखभाई, आणि माझ्या कामगार भावांनो. मला बोलायला उभं केलंय, पण बोलणं अवघड जातंय. नुसतं दुःख असतं तर बरं झालं असतं. दोन शब्द बोललो असतो, डोळे पुसले असते, बसलो असतो. पण मला राग आलाय. आज सकाळपासून मी ह्या माणसावर चिडलोय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण ज्याच्यावर दहा वर्षं हक्कानं चिडत आलो, त्याच्यावर आज एकदम कसं थांबू?

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. मी रमेश पाटील. इथं सिल्वासातच, आमलीत, माझं डाय दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. अमळनेरहून आलो तेव्हा ह्याच कंपनीत मोल्डिंग मशीनवर हेल्पर होतो, आणि सोमणसाहेब मेन्टेनन्सला इंजिनिअर. त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. आमची ओळख झाली ती कंपाउंडच्या भिंतीवरून.

सामरवरणीत त्यांच्या घरावरून सायकलनं चाललो होतो. आतून आवाज आला. मोटारसायकलचा नाही, पंपाचा नाही. बारीक, किंचाळणारा. माझे कान पहिल्यापासून तिखट, मशीनचं बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू येतं. मी भिंतीवर चढून ओरडलो, "साहेब, इंजिन उपाशी मरतंय! तेल सोडा!"

आत पाहतो तर पांढरा शर्ट घातलेला माणूस, आणि त्याच्या पुढ्यात लढाऊ विमान. हातभर पंखाचं, खरंखुरं, पंखा फिरतोय.

"तुम्हाला काय कळतं हो ह्यातलं?"

"विमानातलं काही नाही. उपाशी असण्यातलं कळतं."

हसले. म्हणाले, या आत. मी ऐटीत तेल सोडायची सुई फिरवली, आणि जरा जास्तच फिरवली. इंजिन ढेकर देऊन बंद पडलं, आणि सगळं एरंडेल साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. ह्या विमानांचं इंजिन मिथेनॉल आणि एरंडेलावर चालतं, आणि एरंडेलाचा डाग काय असतो ते वहिनींना विचारा. वहिनी दारात उभ्या राहून इतक्या हसल्या, की साहेबांना रागावताच आलं नाही.

त्या दिवसापासून आमची वाटणी झाली. बांधायचं त्यांनी, उडवायचं मी. रिमोट ते हातातच घ्यायचे नाहीत. चालू मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण स्वतःचं विमान आकाशात गेलं की डोळे मिटून घ्यायचा! "पाटील, कुठंय आता?" "डावीकडं वळतंय साहेब, उघडा डोळे." "नको. तुम्ही सांगत राहा."

ह्या वाटणीतला अन्याय बघा. विमान छान उडालं की लोक म्हणायचे, वा सोमणसाहेब! पडलं की म्हणायचे, पाटलानं पाडलं. गलोंड्याला तो सपाट करून ठेवलेला प्लॉट आहे ना, ज्याचा मालक फॅक्टरी बांधायला कधी आलाच नाही, तिथली निम्मी धूळ मी पाडलेल्या विमानांची आहे. पण आमच्यात 'पडलं' म्हणायला बंदी होती. 'लवकर उतरलं' म्हणायचं. विमान लवकर उतरलं की साहेब जुनी चादर घेऊन जायचे, काडीकाडी वेचायचे, गाठोडं बांधायचे.  मग गाठोडं स्कूटरवर ठेवून म्हणायचे, "काही नाही हो, शेपटी तर शाबूत आहे."

आणि दोन-तीन महिन्यांनी तेच विमान परत उभं. सांधा दाखवा म्हटलं तर दाखवता येऊ नये. आपल्याकडे बाल्साचं हलकं लाकूड कुठं मिळतं? मुंबईहून कोणी आणलं तर आणलं. नाहीतर नव्या मशीनच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर लाकडाचं पातळ व्हिनिअर, वर कागद. भंगारातून विमान काढायचा हा माणूस.

एकदा उदवाड्याच्या किनाऱ्यावर उडवायला निघालो होतो. आता सिल्वासातून दारूबंदीच्या गुजरातेत कॅन घेऊन शिरायचं, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. चेकपोस्टवर हवालदारानं झाकण उघडून वास घेतला. "आ शुं छे?" सोमणसाहेब गंभीरपणे म्हणाले, "इंधन." हवालदार म्हणाला, "पीवानुं?" मी म्हटलं, "साहेब, पीशो तो तमे ज उडी जशो!" प्यालात तर तुम्हीच उडून जाल. तो हसला आणि सोडलं. पुढं वापीपर्यंत सोमणसाहेब मला समजावत होते, की पाटील, मिथेनॉल विषारी असतं, त्यावर विनोद करू नये. असा माणूस. विनोद झाल्यावर त्याची दुरुस्ती करणारा.

आता ह्या विमानाकडे बघा. फोटोशेजारी टेबलावर ठेवलंय ते. हे हरिकेन. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या बाजूला आपल्या लोकांनी उडवलेलं. साहेबांचे काका तेव्हा हवाई दलात फिटर होते, त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे विमान. सगळ्या विमानांत हे त्यांचं लाडकं. आणि माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप दिला तोही ह्यानंच.

सहा वर्षं बांधत होते. नाकाजवळ बघा, पत्र्यावर रिव्हेटचे खिळे दिसतात ना? ते रिव्हेट नाहीत. इंजेक्शनच्या सुईनं गोंदाचा एकेक थेंब सोडलाय. पंख्यामागचे काळे डाग कंदिलाच्या काजळीचे. आतल्या पायलटच्या खांद्यावरचे पट्टे वहिनींनी ब्लाउजच्या कापडाचे शिवलेत. त्याच्यापुढं घड्याळांची फळी होती, प्रत्येक घड्याळात काटा, वर काच.

मी विचारलं, "साहेब, हे वर गेल्यावर कोणाला दिसणार?"

"मला."

"तुम्ही तर डोळे मिटता!"

"म्हणून तर आतलं नीट पाहिजे."



मंडळी, विमानाचं गणित सोपं आहे. ते नाकाशी आणि शेपटीशी तोललेलं लागतं. शेपटी लांब असते, म्हणून शेपटीत तोळाभर वजन वाढलं की नाकात तिपटीनं शिसं भरावं लागतं. हे शेपटीवर रिव्हेट लावायचे, मग दमणच्या बाजारातून कोळ्यांच्या जाळ्याचं शिसं आणून नाकात भरायचे. मग शेपटीला रंगाचा आणखी एक हात. मग आणखी शिसं. हरिकेन बाळंतिणीसारखं अंगानं भरत गेलं. जड विमान हळू उतरू शकत नाही. जरा वेग कमी झाला की पंख टाकतं आणि दगडासारखं येतं.

मी म्हणायचो, साहेब, थोडं वजन उतरवा. ते म्हणायचे, तपशील गेला तर उरलं काय? खेळणं? मी म्हणायचो, उडत नाही ते विमान नाही, देवघर आहे. ह्यावर ते दोन आठवडे बोलले नाहीत माझ्याशी. मग रविवारी सकाळी स्कूटर घेऊन दारात. "पाटील, आज वारा बघून येऊ." वारा बघायला जायचो. कधी वारा जास्त. कधी चाकाचा रंग ओला. कधी पायलटची मिशी वाकडी. मिशी! मंडळी, मिशीसाठी एक रविवार गेला. "पुढच्या रविवारी नक्की." किती पुढचे रविवार गेले, ते मोजायचं मी सोडून दिलं.

आणि गुरुवारी सकाळी, इथंच बाजूच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरजवळ उभे असताना ते खाली बसले ते उठले नाहीत.

आता मघाशी जीएमसाहेबांनी जाहीर केलं, की कंपनी रिसेप्शनमध्ये काचेचं कपाट करणार, त्यात हे हरिकेन ठेवणार, खाली साहेबांच्या नावाची पाटी. टाळ्याही पडल्या. साहेब, तुमचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. आणि काल तुम्ही विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं, ठेवा. नाहीतरी सहा वर्षं ते शोकेसचंच विमान होतं.

पण आज सकाळी इथं आणायचं म्हणून मी ते उचलायला गेलो. त्याचं वजन माझ्या हातांना पाठ आहे. गुडघे वाकवले, दम धरला, जोर लावला. आणि भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी, तसं ते माझ्या हातातून छाताडापर्यंत वर आलं!

मी खाली ठेवलं. पंखांखाली दोन बोटं लावून पुन्हा उचललं. आमची सवय आहे ही, विमान बोटांवर तोलून बघायची. तोललं. नाक जरासं खाली, जसं पाहिजे तसं. म्हटलं, हे काय? शेपटीवर हात फिरवला. गुळगुळीत. एक रिव्हेट नाही. रंग घासून नवा पातळ हात दिलेला. आत पाहिलं, घड्याळांची फळी गायब. तिच्या जागी कागदावर काढलेली घड्याळं. नाकातलं शिसं जवळजवळ सगळं काढलेलं. आणि गंमत बघा, नाकाकडचे रिव्हेट मात्र सगळे जागच्या जागी. कारण नाकात वजन चालतं! पुण्याचा माणूस, हरला तरी हिशेबानं हरला.

मी वहिनींना विचारलं, हे कधी झालं?

वहिनी म्हणाल्या, "महिनाभर घासत होते. रोज कामावरून आले की सॅंडपेपर. मी विचारलं, एवढं केलेलं का काढताय? म्हणाले, पाटलांना बोलू नकोस. डोक्यावर बसतील. बुधवारी संध्याकाळी रिमोटची बॅटरी चार्जिंगला लावली, आणि म्हणाले, ह्या रविवारी."

ह्या रविवारी.

मंडळी, म्हणून मी चिडलोय. अहो साहेब, सहा वर्षं माझ्याशी भांडलात, आणि पटलं तेव्हा सांगितलं नाहीत? एक शब्द बोलला असतात! मी डोक्यावर बसलो असतो, हो, बसलोच असतो, आठवडाभर आमलीत पेढे वाटले असते, तुम्हाला चिडवून सोडलं असतं. तेवढं का नाही करू दिलंत? मला काय आनंद झाला असता, ह्याचा अंदाज नव्हता तुम्हाला? होता. म्हणूनच लपवलंत. रविवारी माझ्या हातात देऊन माझं तोंड बघायचं होतं तुम्हाला. आता मी ते तोंड कोणाला दाखवू?

आणि खरी अडचण पुढंच आहे. आजवर मी बिनधास्त उडवायचो, कारण पडलं तर उचलून नेणारा माणूस बाजूला होता. आता पडलं तर पडलं. ते सांधे जुळवणारा हात सिल्वासात दुसरा नाही, माझा तर नाहीच. म्हणून जीएमसाहेब चूक बोलले असं मी म्हणत नाही. काचेत ठेवलं तर ते राहील. मी उडवलं तर कदाचित राहणार नाही. सकाळपासून हाच विचार डोक्यात फिरतोय, आणि मला काही ठरवता येईना.

शेवटी वहिनींनाच विचारलं. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्या परवानगीनं सांगतो.

म्हणाल्या, "पाटीलभाऊ, एवढी वर्षं मी एरंडेलाचे शर्ट धुतले. पट्टे शिवले. गाठोडी ठेवायला पलंगाखाली जागा केली. पण त्यांचं एकही विमान मी उडताना पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी तुम्ही जायचात, आणि तुमच्या दोघांच्या जेवणाचं मी बघायची."

 मंडळी, माझे कान तिखट आहेत म्हणून मिरवतो मी. पण हे मला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण त्या कधी बोलल्याच नव्हत्या, आणि आम्ही दोघांनी कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा जीएमसाहेब, माझी एक विनंती आहे. कपाट जरूर करा. काच मी देतो, चांगल्या जाडीची. पण विमान सोमवारी घ्या. जसं उरेल तसं घ्या. अख्खं उरलं तर अख्खं, नाहीतर तुकडे ठेवा आणि पाटीवर लिहा की हे उडालं होतं.

उद्या रविवारी सकाळी सात वाजता, गलोंड्याच्या त्या प्लॉटवर. वारा उठायच्या आधी. ज्यांना यायचंय त्यांनी या, मोटारसायकली रस्त्याकडेला लावा, प्लॉटवर आणू नका. हसमुखभाई खुर्ची आणणार आहेत, ती वहिनींची. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा बाजूला ठेवायची. आणि त्या दिवशी कोणीही स्वयंपाक करायचा नाही, जेवण माझ्याकडे.

सोमणसाहेब, तुमच्या हाताला माझा नमस्कार. भांडण माझ्याकडून मिटलेलं नाही.

आता श्रद्धांजलीला सगळे उभे राहू या. घड्याळ कोणी बघू नका. वहिनी बसतील, तेव्हा आपण बसू.