माल उडून परत येतो, साहेब!

…आणि वर म्हणतात, बिस्किटं माणशी दोनच घ्या! आता तुम्हीच सांगा, माणसानं भल्या सकाळी आमच्या बार्न्सलीहून निघायचं, हायवेच्या कडेला त्या हॉटेलात जायचं, गुरांच्या बाजारात बैलाच्या गळ्यात अडकवतात तशी नावाची पाटी गळ्यात अडकवून बसायचं, 'क्लिफर्ड बॅटी, वाहतूकदार', दिवसभर पडद्यावरची रंगीत चित्रं बघायची, आणि बिस्किटं दोन! कशासाठी? तर ब्रेक्झिट झालं, आता माल समुद्रापलीकडे कसा धाडायचा आणि परत कसा आणायचा हे धंदेवाल्यांना शिकवायला! अहो, माझ्या बापानं धाडला, मी धाडला, कुणी शिकवलं होतं?

माझा माल म्हणजे कबुतरं. विकायची नव्हेत हो, शर्यतीची! आमच्या भागातल्या क्लबांची कबुतरं ट्रकमध्ये घालायची, फ्रान्सला न्यायची, तिथं सोडायची, आणि ती आपापली उडत घरी येतात. ज्याचं आधी ढाबळीत शिरलं त्याला चषक. पूर्वी बंदरावरचा गडी ट्रकमध्ये डोकवायचा, 'काय, कबुतरं?' मी म्हणायचो, 'कबुतरं!' 'जा!' खलास. आता? आता त्याचं प्रशिक्षण!

शिकवायला कोण, तर जॉलियन. कोवळं पोर, केस मागे चापून बसवलेले, आणि तुम्हाला सांगतो, पायात मोजे नाहीत! मार्चचा महिना, बाहेर हाडं गोठतायत, आणि हा बिनमोज्यांचा! ज्याला बूट आणि मोजे यांचा संबंध कळत नाही, तो आयात आणि निर्यात यांचा काय समजावणार? दोन्ही हातांच्या बोटांची टोकं अशी एकमेकांना लावायची, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "मुळात, मित्रांनो, हे सगळं फार सोपं आहे!" चहाच्या वेळी त्यानंच सांगितलं, आधी म्हणे हा लोकांचा मानसिक ताण घालवायचे वर्ग घ्यायचा. म्हटलं बरोबर आहे, आधी ताण घालवायचास, आता ताण देतोस, गिऱ्हाईक तेच!

मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, माझा माल जाताना ट्रकनं जातो, येताना हवेतून येतो."

"छान! कुठली विमान कंपनी?"

"विमान नाही. पंख."

"म्हणजे वाहतूकदार कोण?"

"मालच."

"माल स्वतःच वाहतूकदार?" त्यानं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर एक हसरं खोकं होतं, खोक्याला हातपाय होते, पण पंख नव्हते. "बरं, मग तो माल आपल्या हद्दीत शिरतो तेव्हा जाहीर कोण करतं?"

मी म्हटलं, "ढाबळीवर बसून गुटर्गू करतो, तेवढंच जाहीर होतं."

सगळा हॉल हसला. चीज बनवणारी एक बाई तर टेबलावर डोकं ठेवून हसली. जॉलियन हसला नाही. म्हणाला, "मुळात हे सोपंच आहे, क्लिफर्ड. मी ईमेलनं कळवतो." ईमेल अजून येतंय!

बरं, मी हे सगळं का सहन केलं? अल्बर्टसाठी! अल्बर्ट ओडी, आमच्या क्लबातला सगळ्यात जुना माणूस, ऐंशी कधीच ओलांडलेली, अर्धा जन्म कोळशाच्या खाणीत गेला, बायको गेल्यापासून बोलतो तो फक्त कबुतरांशी. त्याची एक मादी आहे, डचेस, निळसर मानेची, चालते अशी की जणू सगळी गल्ली तिच्या बापाची! समुद्रावरून यायचं तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या मोसमात ताकद राहायची नाही. म्हातारा म्हणाला, "क्लिफ, तिला एकदा फ्रान्सहून पहिली आलेली बघायचीय. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी चेष्टेनं म्हटलं, "अहो पण अल्बर्ट, युरोपातून बाहेर पडायला मत तर तुम्हीच दिलंत!" तर म्हणतो, "मत मी दिलं. कबुतरानं दिलं होतं का?"

तर क्लबनं ठरवलं, प्रशिक्षण घेऊनही क्लिफर्डच्या डोक्यात काही शिरलेलं नाही, तेव्हा कागद जॉलियनच्याच कंपनीकडून करून घ्या. घेतले. हा गठ्ठा! पशुवैद्याचा शिक्का, इकडची सही, तिकडची सही. चार-पाचशे कबुतरं ट्रकमध्ये भरली, अल्बर्ट हट्टानं माझ्या शेजारी बसला, मांडीवर सँडविचचा डबा, आणि निघालो. डोव्हर बंदर पार, बोट पार, फ्रान्सचं कॅले आलं. मी म्हटलं, अरे, खरंच सोपं आहे की!

तिथं बंदरावर पशुवैद्य बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मऊ, पण नजर… नजर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची! त्यांनी कागद वाचले, पुन्हा वाचले, कबुतरांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मस्यू, इथं लिहिलंय… उपयोग, भोजनासाठी."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"माणसांच्या. मी कागदाप्रमाणे चालते. कत्तलखान्याची गाडी बोलावते, माल उतरवून घ्या."

अल्बर्टच्या हातातलं सँडविच खाली पडलं. मी जॉलियनला फोन लावला. तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलमध्ये, दुसऱ्या बैलांपुढे!

"मुळात सोपं आहे, क्लिफर्ड! यादीत 'शर्यत' असा पर्याय नव्हता. म्हणून त्यातल्या त्यात जवळचा निवडला."

"जवळचा? शर्यतीच्या जवळचं काय, तर जेवण?"

"यादीत पहिलं तेच होतं…"

"बरं, मग मी सगळी परत आणतो."

"परत आणायला आपल्या देशाचा आयातीचा दाखला लागेल. तो आपण काढलेला नाही."

"का नाही काढला?"

"कारण तुमचा माल उडून येणार होता ना?"

घ्या! पुढे कत्तलखाना, मागे दाखला नाही. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे समुद्र! मी फोनवर ओरडतोय, बाई घड्याळ बघतायत, मागून दुसरे ट्रकवाले भोंगे वाजवतायत, आणि या सगळ्या गोंधळात अल्बर्ट सावकाश खाली उतरला. बाईंसमोर गेला. डोक्यावरची टोपी काढली, मान लववली, टोपी पुन्हा घातली. मग ट्रकच्या कडेला गेला. आमच्या ट्रकला एक दांडा असतो, ओढला की सगळ्या पेट्यांची दारं एकदम उघडतात. मी म्हटलं, "अल्बर्ट… अहो अल्बर्ट… अहो!"

ओढला.

काय तो आवाज! पत्र्यावर गारांचा मारा व्हावा तसा! बाईंचा चष्मा उडाला, कागद उडाले, ट्रकवाल्यांचे भोंगे बंद पडले, सगळं बंदर माना वर करून बघत राहिलं. कबुतरांनी एक घिरटी घातली, एकच, आणि वळली ती थेट आमच्या देशाकडे! ना रांग, ना शिक्का, ना जॉलियन!

बाईंनी चष्मा उचलला. "माल कुठंय?"

"गेला," मी म्हटलं.

"कुठे?"

"घरी."

बाई आभाळाकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात तुरुंगातल्या जेवणाची चव घेत होतो. मग त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, "ट्रक रिकामा. रिकाम्या ट्रकाला मी काही विचारत नाही." आणि अल्बर्टकडे वळून, त्यांच्याच भाषेत, हळूच काहीतरी बोलल्या, आभाळाकडे आणि मग स्वतःच्या मानेकडे बोट दाखवून, ती निळसर मानेची कुठली असं विचारल्यासारखं. म्हाताऱ्याला फ्रेंच ओ की ठो येत नाही, पण लगेच छाती फुगवून म्हणाला, "डचेस!" दोघंही हसली. मी एकटाच घामानं भिजलेला!

येताना रिकाम्या ट्रकालाही रांगेत ताटकळावं लागलंच, तो भाग वेगळा. आपल्या देशात पोचून केंट ओलांडून वर निघालो तेव्हा आमच्या बायकोचा, डोरीनचा फोन. "अहो, कुठे आहात? इथं अल्बर्टच्या परसात अख्खा क्लब जमलाय! डचेस आली! सगळ्यांच्या आधी!" मी अल्बर्टला सांगितलं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. रुमाल काढला, नाक शिंकरलं. म्हणाला, "फ्रान्सच्या हवेनं सर्दी झाली."

गोष्ट इथं संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला असता का? दुसऱ्या दिवशी क्लबची कमिटी बसली. सेक्रेटरी हॅरल्ड स्पिंक. माझ्या बरोबरीचा, एका बाकावर बसून शिकलेलो आम्ही, त्याला मोजे पण आहेत! चष्मा पुसत म्हणतो, "क्लिफ, चषक देता येणार नाही. कॅले हे सुटण्याचं ठिकाण आपल्या यादीत नाही. सोडणाऱ्याची सही नाही. वाऱ्याची नोंद नाही."

मी म्हटलं, "हॅरल्ड, अरे सगळी कबुतरं एका क्षणी सुटली, एका आभाळातून आली, डचेस पहिली आली, अख्ख्या गल्लीनं बघितलं!"

"असेल रे. पण नियम म्हणजे नियम. मुळात हे सोपं आहे!"

माझ्या कपाळाची शीर अशी तडतडायला लागली! अहो, फ्रान्सनं सोडलं, समुद्रानं सोडलं, पण बार्न्सलीच्या कमिटीनं धरून ठेवलं! मी टेबलावर हात आपटला, भांडलो, खुर्ची ढकलली. आणि अल्बर्ट? अल्बर्ट दारापाशी उभा होता. म्हणाला, "राहू दे रे क्लिफ. चषकाला रोज पुसत बसावं लागतं. ती आली, दाणे खाल्ले, झोपली. मला पुरे." आणि गेला की घरी, तिच्याशी बोलायला!

पण कमिटी कुठली थांबतेय! त्यांनी ठराव केला, असा गोंधळ पुन्हा नको, पुढच्या मोसमाआधी सगळ्या सभासदांना नियमांचं रीतसर प्रशिक्षण द्यायचं. जॉलियन परवडत नाही. म्हणून शिकवायला मला उभं करतायत. मी म्हटलं, मला? मला यातलं काय कळतं?

तर हॅरल्ड म्हणतो, "क्लबात प्रशिक्षण घेतलेला माणूस तू एकटाच आहेस!"