मेलेलीचं काम

—भाड्याचं मग बोलू गं, आधी खोली बघ. आणि बूट आत घे, जिन्यात राहिले की खालची जर्मन फ्राऊ दारावर चिठ्ठी चिकटवते. हां, ये. ज्ञानदा ना? नाशिकची. फोनवर म्हणालीस तू, काकू, होस्टेलचा नंबर लागत नाही, मैत्रिणीकडे जमिनीवर झोपतेय. माहितीये मला, म्युनिकजवळ, ह्या गार्चिंगमध्ये खोली मिळणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड. तर ही बघ. खिडकीतून ऊन येतं—म्हणजे असलं तर येतं—हाइत्सुंग, हीटर गं, चालू आहे, आनमेल्डुंगला, पत्ता नोंदवायच्या कागदावर, सही मी देईन, डिपॉझिटही नको मला. बिचकलीस ना? गेनाऊ, अगदी तेच, सगळ्या बिचकतात. डिपॉझिटही नको म्हणजे काहीतरी भानगड असणार. भानगड नाही, एक नुसती—बस ना, त्या खुर्चीवर नको, ह्या. ह्या खुर्चीवर बसलं की बाहेरच्या खोलीतून तोंड दिसतं. कुणाला दिसतं? सांगते, चहा घे.

तुझ्याआधी, काही वर्षांपूर्वी, इथे युनलान राहिली, अख्खा हिवाळा. शू युनलान. चीनमधली नटी, आता निर्माती. तुझ्या वयाला नाही माहीत असणार, पण तिच्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचार, नाव काढलं की दचकतात. म्युनिकला तिच्या सिनेमाचं अर्धं काम होतं, इथल्या कंपनीबरोबर भागीदारीत, गोष्ट कँपसवरच्या एका चिनी मुलीची. कंपनी हॉटेल देत होती, हिला घर हवं होतं. म्हणाली, हॉटेलात बसून परक्या देशातल्या पोरीची खोली मला कशी कळणार? मग एक दिवस दारात ही ठेंगणी बाई, साठीच्या आसपासची, काखेत भाताचा कुकर. नटी आहे असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. मोडक्या भाषेत माणसाला खोटं बोलता येत नाही, शब्दच पुरत नाहीत.

नदीकाठच्या गावातली ती. बाप लहानपणीच गेलेला, आई रेशमाच्या गिरणीत. गावात नाटकमंडळी आली, त्यातल्या कोणीतरी हिला सिनेमात नेलं. आणि पहिलंच काम काय, तर बुडून मेलेल्या सुनेचं. ओल्या केसांनी येते आणि स्वतःच्या घराच्या खिडकीतून आत बघते—बस, एवढंच. पण लोक असे घाबरले, असे रडले, की पोरगी रातोरात मोठी झाली. मोठी झाली आणि तिथेच अडकली बघ. पुढचा दिग्दर्शक म्हणाला मर, त्याच्या पुढचा म्हणाला मर. कधी फास लावून, कधी क्षयानं, कधी बाळंतपणात. युनलानसारखं कोणी मरत नाही, असं पेपरात छापून यायचं. आणि इकडे लग्नाची बोलावणी बंद—मैत्रिणींची, सख्ख्या मावसबहिणीची सुद्धा. अपशकुन ना. भाजीवाली तिच्या हातून पैसे घ्यायची नाही, खाली ठेव म्हणायची. रस्त्यात हे एवढं मोठं पोस्टर, आणि त्याच्याच खाली हा प्रकार. मी म्हटलं, सोडलं का नाहीस मग? तर म्हणते, भूक लागायची.

आता त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. मेलेल्याचं काम केलं की त्या नटाच्या हातात लाल पाकीट द्यायचं, आत थोडे पैसे, किती ते महत्त्वाचं नाही. त्यानं त्याच दिवशी काहीतरी गोड घेऊन खायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं. म्हणजे मग मेलेपण अंगाला चिकटत नाही. नुसता फोटो मेलेल्याचा म्हणून भिंतीवर लावला तरी पाकीट. हसू नकोस, आपल्याकडे दृष्ट काढतातच की. तर एका सिनेमासाठी हिचा शाळेतला खरा फोटो मागून घेतला, पुढे उदबत्त्या लावल्या, आणि निर्मात्यानं पाकीट दिलंच नाही. विसरला, का असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, देव जाणे. सिनेमा गावात लागला. आई बघायला गेली, गिरणीतल्या बायकांना घेऊन, मिरवत. आणि पडद्यावर पोरीचा तो फोटो—त्या दिवशीची वेणी आईनंच घालून दिलेली. मधेच उठून घरी आली. त्यानंतर युनलाननं फोन केला की आई उचलायची, ऐकायची, आणि शेजारणीला विचारायची, कोण बोलतंय गं? राग नव्हता. युनलान म्हणाली, राग असता तर मी पाय धरले असते. पण तिला माझा आवाजच ऐकू यायचा बंद झाला. शेवटपर्यंत असंच.

तेव्हा तिनं ठरवलं म्हणे, पाकीट देणारी जागा आपणच घ्यायची. म्हणून निर्माती झाली. लोकांना वाटलं वय झालं, कामं मिळेनाशी झाली. घर विकून पहिला सिनेमा काढला—त्यात एक बाई नुसती म्हातारी होते, मरत नाही बिरत नाही. कोणी हात लावेना. मग चालला, आणि का चालला ते कोणालाच कळलं नाही. आता मोठमोठे लोक तिला बघून उठून उभे राहतात. पण पाकिटं अजून स्वतःच्या पर्समध्ये. लढाईचं दृश्य असलं की मैदानात पडलेल्या एकेका पोराकडे वाकून, आपल्या हातानं देते.

हो. तो बाहेरच्या खोलीतला फोटो. आल्या आल्या बघितलास तू, आणि आवाज खाली आणलास, बघितलं मी. आपल्या माणसाला विचारावं लागत नाही, हार दिसला की कळतं. ती माझी मुलगी, स्पृहा. पण—उठू नकोस, चहा राहिलाय तुझा—ती आहे. जिवंत आहे. रेगेन्सबर्गला असते, सुतारकाम करते, स्वतःचं वर्कशॉप आहे. ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, दीनानाथांनी, शब्द टाकून तिला आपल्याच इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेटला घेतलं होतं. ती अर्ध्यात सोडायला निघाली. जर्मनमध्ये म्हणाली, मी रोज मरतेय तिथे. हे मराठीत म्हणाले, मग मेलीस असं समजतो. नुसतं म्हणाले नाहीत. डोक्यावरून आंघोळ केली तिच्या नावानं, भर दुपारी, आणि पुण्याहून आणलेला चंदनाचा हार—तो आजींच्या फोटोसाठी आणला होता—तो तिच्या फोटोला घातला. ती दारात बॅग घेऊन उभी. बघत होती. मीही बघतच होते.

युनलाननं पहिल्याच दिवशी विचारलं, कधी गेली? मी म्हटलं, गेली नाही. दोनदा विचारलं तिनं, तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. कळलं तेव्हा पांढरीफटक पडली, इथे, ह्या पलंगावर बसली. म्हणाली, तुमच्या मुलीनं इतकी वर्षं ह्या घरात मेलेलीचं काम केलं, आणि तिला कोणी पाकीट दिलं नाही? आणि पर्समधून काढून माझ्या हातात ठेवलं. हे बघ हे. तिच्याच हातात द्या म्हणाली. अजून त्यांच्या नवीन वर्षाला मेसेज येतो—दिलं? एवढाच.

आता द्यायला जायला काय, तास-दीड तासाची गाडी. पण स्पृहा बापासारखीच. पाकीट नको म्हणाली, आणि हे मात्र मराठीत म्हणाली—हार बाबांनी घातला, बाबांनी काढावा, स्वतःच्या हातानं, मग येईन. आणि तोवर ह्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. आधी किल्ल्या, मग नावं. मग ते भांडणही विसरले. भांडण गेलं, हार राहिला. आता रोज संध्याकाळी फोटोसमोर उभे राहतात आणि मला विचारतात, वासंती, आपली पोर कशानं गेली गं? मी सांगते, अहो, ती आहे, बरी आहे. तर माझ्या पाठीवरून हात फिरवतात. त्यांना वाटतं दुःखानं माझंच डोकं फिरलंय. मी हार काढला तर परत घालतात, म्हणतात, गेलेल्या माणसाचा फोटो उघडा ठेवू नये.

मग मी स्पृहाला सगळं सांगितलं. तर अट बाजूला ठेवून आली गं ती, ह्या ऑक्टोबरात. तिला ब्रेत्सेल आवडतात, ते पिळाचे खारे पाव, म्हणून मी ते आणायला खाली बेकरीत गेलेले, आणि ती लवकर पोचली. दार ह्यांनी उघडलं. किंचाळले. तिच्या तोंडावर दार लावलं आणि आतून मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले. मी जिना चढतेय तर वरून ती रामरक्षा ऐकू येतेय, आणि ती माझ्या शेजारून खाली गेली. थांबली नाही. चेहरा असा होता ना—असो.

तर भानगड म्हणशील तर ही. युनलान सांगायची, मेलेली बाई पडद्यावर एकदम आणू नये. आधी तिची ओढणी दाखवावी, मग पाऊल, मग बाजूनं चेहरा. बघणाऱ्याला सवय करावी. म्हणून तू. काही करायचं नाही, संध्याकाळी दार उघडं ठेवून इथे बसायचं, अभ्यास कर, फोन बघ, मधूनच थोडी हस. तिचा एक कुर्ता कपाटात आहे, तुला होईल. ह्यांना सवय झाली की एक दिवस तिला बोलावीन. भाडं नकोच मला, आणि हे पाकीटही तूच—धर ना, धर, काम केलं की द्यायचंच असतं ते—

अहो, उठलात? या. ही ना, ही खोली बघायला—नाही, अहो, ही—

'आलीस' म्हणाले. तुला म्हणाले गं. घाबरले नाहीत. बोलू नकोस, बोलू नकोस काही, नुसती हस. हां. अशीच. हलू नकोस. अहो, स्टुलावर कशाला चढताय, पडाल. अहो, तो हार—थांबा, मी स्टूल धरते—

गेले आत. ऐकलंस ना तू? माझ्या हातात देऊन गेले, म्हणाले, हा कोणी घातला? जिवंत पोरीच्या फोटोला? वेड लागलंय का कोणाला?

दे ते पाकीट. दे गं. तुझं नाही ते. काम तू केलंस, कबूल आहे मला, म्हणून हा लाडू घे, लगेच गोड खायचं असतं, जिन्यातच खा. आणि खोली नाही मिळायची. चिडू नकोस, चार घरी विचारून ठेवीन मी तुझ्यासाठी, पण ही खोली तिची आहे. ऊठ आता, हे परत बाहेर यायच्या आत. उद्या विसरतील, म्हणून मला आत्ताच रेगेन्सबर्गला फोन लावायचाय. हार काढला म्हणून सांगते तिला, बाबांनी, स्वतःच्या हातानं. खोटं नाही ना त्यात काही? तू होतीस, तू बघितलंस. कोणाकडे बघून काढला ते ती विचारणार नाही. आणि विचारलंच तर—बूट घाल. दार हळू ओढून घे.