मामांनी वाचायला लावलेली पाटी

अगं, मी चष्म्याचा नंबर घालवायला लेसर केलं, तर गावभर बोभाटा काय, की तरण्या पोरीला मोतीबिंदू झाला! पुढच्याच आठवड्यात आळेफाट्याच्या आमच्या घरी मला बघायला पावणं आलं. मुलाच्या मामांनी खात्री करायला रस्त्याकडं बोट दाखवलं. "पोरी, त्या एसटीची पाटी वाच बरं."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "नाशिक. आता तुमच्या भाच्यालाबी वाचाय सांगा."

त्यानं डोळे बारीक केले, मान पुढं काढली आन म्हणाला, "नारायणगाव."

त्याच्या खिशातनं चष्म्याची काडी डोकावत व्हती. म्हणलं, "तो चष्मा लावा आन मला नीट बघून घ्या. मी तुमाला बघितलंय. पसंत न्हाई."