आरोग्य कुणाकडं?

शॅडो कॅबिनेटचं कौतुक मला नका सांगू. विरोधी पक्षानं आमच्या मुळशीत पण एक काढलं हुतं. खात्याला एक माणूस, सरकारला जाब इचारायला.

माझ्या वडलांना, आण्णांना, साप चावला, तवा गावच्या दवाखान्याला कुलूप. आरोग्यवाल्याला फोन लावला.

"मी परवाच सत्ताधाऱ्यांत गेलो. माझ्या जागी कोण, ते पक्षाला इचारा."

पक्षाचं ठरलं नव्हतं. जीप काढून पुण्याकडं निघालो.

दशक्रियेला नवा आरोग्यवाला माईकवर बोलला, "डॉक्टर असता तर आण्णा वाचले असते!"

मी उठलो. "तवा तुमी कुटं हुता?"

"तवा माझ्याकडं रस्ते हुते."

म्हटलं, "व्हय. खड्ड्यांतनं जीप काढता काढता, आण्णा रस्त्यातच गेले."