कॉन्डॉर का उडाला नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कमलाकरकाका, कार्डिफहून एवढी गाडी चालवत आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर श्यामलाताई, व्यासपीठावर अवघडून बसलेली आपली सत्कारमूर्ती देवयानी, आणि शनिवारची दुपार सोडून या कौन्सिलच्या हॉलमध्ये जमलेल्या ईलिंग-ब्रॅकनेलच्या माझ्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना नमस्कार.

मी अनुप. बोलायला उभं राहण्याआधी काकांनी मला बजावलं आहे, की निरोपाचं भाषण आहे, गोड बोल. काका, देवयानीबद्दल मी गोडच बोलणार आहे. पण तिची गोष्ट सांगायची तर तिच्यासोबत काही माणसंही येतात, आणि त्यांच्याबद्दल गोड बोलण्याइतका मी अजून सभ्य झालेलो नाही.

देवयानी आणि मी ब्रॅकनेलला एकाच कंपनीत होतो. ती ग्राहकांच्या हेल्पलाइनची प्रमुख. मी गेम बनवणाऱ्या स्टुडिओंशी बोलणी करायचो. आमची कंपनी एक नवा गेम कन्सोल काढत होती, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. त्याचं नाव कॉन्डॉर. कॉन्डॉर म्हणजे काय, ठाऊक आहे? एका जातीचं गिधाड. नाव ठरवायला एक भारी एजन्सी नेमली होती, आणि त्यातल्या एकालाही डिक्शनरी उघडावीशी वाटली नाही. पुढे काय होणार हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

या सगळ्याचे सूत्रधार होते आमचे लाँच डायरेक्टर, मिस्टर पेंडलटन. गृहस्थ दिसायला रुबाबदार. आवाज असा, की हवामानाचा अंदाज सांगितला तरी टाळ्या पडाव्यात. आयुष्यात त्यांनी एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नव्हता, आणि ते हे अभिमानानं सांगत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लंडनला मोठं प्रदर्शन भरलं. स्टेजवर एक तरुण हातात कंट्रोलर घेऊन कॉन्डॉरवर गाडीची रेस खेळत होता. चित्र असं झकास, की सगळ्यांचे श्वास रोखलेले. फक्त एक गडबड होती. गाडी आधी वळायची आणि त्याचा अंगठा नंतर. कारण तो गेम नव्हताच, आधी करून ठेवलेली फिल्म होती! यंत्र तेव्हा धड सुरूही होत नव्हतं. गेमच्या मासिकांनी दुसऱ्या दिवशी आमची यथेच्छ टिंगल केली. पेंडलटनसाहेब म्हणाले, "चला, चर्चा तर झाली." अशी चर्चा फुकट मिळत असताना आम्ही जाहिरातींवर का खर्च करत होतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मग ठरलं, काही झालं तरी ख्रिसमसला बाजारात यायचंच. प्रतिस्पर्ध्यांच्या आधी. त्यासाठी टेस्टिंग अर्ध्यावर आणलं. यंत्र अपुरं आहे ना? हरकत नाही, लोकांनी घरी नेऊन पहिल्यांदा इंटरनेटला जोडायचं, उरलेलं सॉफ्टवेअर तिथून येईल, मग ते चालेल. त्या मीटिंगमध्ये देवयानीनं हात वर केला.

"ज्यांच्या घरी ब्रॉडबँड नाही, त्यांचं काय?"

पेंडलटन म्हणाले, "दे आर नॉट अवर ऑडियन्स."

"आणि ख्रिसमसला हेल्पलाइन बंद ठेवायचं तुम्ही ठरवलंय. त्याच दिवशी सगळे खोके उघडले जाणार आहेत."

"देवयानी, नोबडी रिंग्ज ऑन ख्रिसमस डे."

सभेत हशा पिकला. मॅनेजर लोकांचा हशा तुम्ही ऐकला असेल. कुणाला हसायचं ते आधी बघून घेतात आणि मग हसतात.

ख्रिसमसच्या सकाळी देवयानीच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी, पायजमा आणि स्लिपर घालून, कॉन्डॉरचा खोका छातीशी धरून तिच्या दारात उभा. "तुम्ही याच कंपनीत ना? हे सुरूच होत नाही." तिनं वर घेऊन जोडून पाहिलं. काळा पडदा, आणि त्यावर "कृपया वाट पहा" अशी ओळ. आमचा सर्व्हर कोलमडला होता. देशभर कुठेही, एकही कॉन्डॉर सुरू होत नव्हता.

तिनं पेंडलटनना फोन लावला. साहेब स्कीइंगला गेले होते. म्हणाले, "इंजिनियर बघतील. एन्जॉय युवर डे." तिनं आपल्या टीमला फोन केले. त्यातले बहुतेक आईवडिलांकडे, दूर दूर, आणि त्या दिवशी या देशात ट्रेन नाही की बस नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मग तिनं मला फोन केला, आणि म्हणाली, "अनुप, ऑफिसच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. टर्की कापत न बसलेली आपल्या ओळखीची किती माणसं आहेत?"

मंडळी, त्याचं उत्तर या हॉलमध्ये बसलं आहे. तुम्हीच. गाड्या भरभरून तुम्ही एम-फोर हायवेवरून ब्रॅकनेलला आलात. रेखाताईंनी पातेलंभर पुलाव आणला होता, तो आम्ही कीबोर्ड बाजूला सारून खाल्ला. देवयानीनं सगळ्यांना हेडसेट चढवले आणि एवढंच सांगितलं, "खोटं बोलायचं नाही. सर्व्हर कधी सुरू होईल ते आपल्याला माहीत नाही, तर माहीत नाही म्हणायचं. थांबायचं असेल त्यांनी थांबावं. नको असेल तर दुकानात परत करता येतं, तो त्यांचा हक्क आहे. आणि आधी त्यांचं ऐकून घ्यायचं."

तो दिवस मी कसा विसरेन? आपले अध्यक्ष, अस्सल सदाशिवपेठी इंग्रजीत एका संतापलेल्या स्कॉटिश गृहस्थांना शांत करत होते. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी फोन ठेवताना दोघांनी एकमेकांना मेरी ख्रिसमस म्हटलं! आणि आपला रवी. हा जन्मला इथे, वाढला इथे, मराठी त्याचं जरा ऐसपैस. तो हेडसेट हातात धरून ओरडला, "देवयानी, इथे एक आजी आहे. तो विचारतोय, डब्याला टेलिफोन कुठे लावायचा?" हसलात? आम्हीही हसलो. मग देवयानीनं तो फोन घेतला, आणि आमचं हसू गेलं. वेल्सच्या एका गावात एकट्या राहणाऱ्या त्या बाई. मुलगी आणि नातू वर्षानं आले होते, नातवासाठी त्यांनी कॉन्डॉर घेऊन ठेवला होता. घरात इंटरनेट नाही, टेलिफोनसुद्धा शेजारणीचा. नातू तक्रार करत नव्हता, तो समजूतदारपणे म्हणत होता, की मला एवढं काही नको होतं. तेच त्यांच्यानं सोसवत नव्हतं. त्या देवयानीला म्हणाल्या, "मी म्हातारी आहे, माझंच काहीतरी चुकलं असणार."

देवयानी म्हणाली, "तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक आमची आहे."

एका माणसानं दुसऱ्याला सांगायचं साधं वाक्य. आमच्या कंपनीत ते उच्चारणारी ती पहिली, आणि पुढे दिसेल, की शेवटचीही.

सर्व्हर नवीन वर्षात सुरू झाला. तोवर परत आलेल्या खोक्यांनी दुकानांच्या मागच्या खोल्या भरल्या होत्या. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कन्सोल विकला जातो तो त्याच्यावरच्या गेम्समुळे. गेम बनवायला स्टुडिओला दोन-दोन वर्षं लागतात, त्यामुळे ते आधी बघतात, की हे यंत्र किती घरांत गेलं. घरांत यंत्र नाही तर गेम नाही, आणि गेम नाही तर घरांत यंत्र नाही. पहिल्या काही आठवड्यांत गाडं एकदा उलटं फिरलं, की मग यंत्र कितीही सुधारा. आणि कॉन्डॉर सुधारला होता! आमच्या इंजिनियरांनी जीव तोडून फेब्रुवारीपर्यंत तो असा केला होता, की इंटरनेटशिवाय चालावा, झटकन सुरू व्हावा. खरोखर चांगलं यंत्र होतं. त्या पोरांचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा पेंडलटनसाहेबांना आठवण झाली, की आपल्याकडे देवयानी नावाची बाई आहे. तिला बोलावून घेतलं. कौतुक करायला? छे! परवानगीशिवाय बाहेरची माणसं ऑफिसात आणली, आणि लोकांना यंत्र परत करायला शिकवलं, म्हणून. वर त्यांनी तिला एक मार्ग सुचवला. येत्या आठवड्यात स्टुडिओंचे प्रतिनिधी येणार आहेत. तिनं त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, की यंत्रात विशेष दोष नव्हता, हेल्पलाइननं घाबरून चुकीचा सल्ला दिला, म्हणून एवढे खोके परत आले. एवढं म्हणाली की विषय संपला.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांना वेगळं सांगायला नको, की यात काय पणाला लागलं होतं. तिचं वर्क परमिट कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की दुसरा मालक शोधा, नाहीतर बॅगा भरा. कायमचं राहण्याचा अर्ज करण्याचा हक्क मिळायला तिला थोडाच काळ उरला होता. ती माझ्या टेबलापाशी आली. मी विचारलं, "काय करणार आहेस?" ती म्हणाली, "मला भीती वाटतेय, अनुप. झोप लागत नाही. आईला फोनवर काही सांगितलेलं नाही." मी तिला सल्ला दिला नाही. असा सल्ला द्यायला ज्याचं परमिट पक्कं आहे, त्यानं तोंड उघडू नये.

ती बैठक एका हॉटेलात झाली. स्टुडिओंची माणसं मीच बोलावली होती, म्हणून मी पहिल्या रांगेत. पेंडलटननी आधी बराच वेळ स्लाइड्स दाखवल्या. सगळे बाण वर जाणारे. मग ते म्हणाले, "आता आमच्या हेल्पलाइनच्या प्रमुख त्या दुर्दैवी गोंधळाविषयी सांगतील."

देवयानी उभी राहिली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. म्हणाली, "हेल्पलाइननं लोकांना खरं सांगितलं. यंत्र चालत नव्हतं. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा तेच सांगेन."

हॉटेलच्या कपबश्यांचा आवाजसुद्धा थांबला. मग एका स्टुडिओच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "आणि आता चालतं का?"

"चालतं. फार छान चालतं. मी घरी रोज खेळते."

"मग लोक परत घेतील?"

"नाही," देवयानी म्हणाली. "कारण त्यांना कुणी अजून सॉरी म्हटलेलं नाही."

मंडळी, मी त्या माणसांना वर्षानुवर्षं ओळखत होतो. ती चिडली नाहीत, उलट सावरून बसली. त्या बाई पेंडलटनकडे वळून म्हणाल्या, "वर्तमानपत्रात सरळ माफी मागा, ज्यांनी घेतला त्यांना एक गेम मोफत द्या. आम्ही थांबतो." आणखी दोघांनी मान डोलावली. म्हणजे बुडणाऱ्या कंपनीला कुणी हात देत होतं, आणि तोही कुणामुळे? जिला बळी द्यायला उभं केलं होतं, तिच्या खरेपणामुळे!

पेंडलटनसाहेबांनी काय केलं असेल? टायची गाठ नीट केली आणि म्हणाले, "काळाच्या पुढे असल्याबद्दल आम्ही माफी मागत नसतो."

काळाच्या पुढे! ज्या यंत्राला सुरू व्हायला नवं वर्ष उजाडावं लागलं, ते काळाच्या पुढे!

त्या बाईंनी चहा संपवला, शिष्टाचारानं आभार मानले आणि निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचे. महिनाभरात माझा फोन वाजायचा थांबला. देवयानीला काढून टाकलं. कारण दिलं ते "टीम स्पिरिटचा अभाव". आणि गेल्या महिन्यात कंपनीनं कॉन्डॉर बंद केल्याचं दोन ओळींत जाहीर केलं. इंजिनियर पोरं घरी बसली. साहेब मात्र बसले नाहीत. ते हल्ली ठिकठिकाणी व्याख्यानं देतात. विषय: नवं उत्पादन बाजारात कसं आणावं. हॉल भरतात म्हणे. ऐकणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा, त्यांना त्यांची गरज पडेल.

नोकरी गेल्यानंतरचे महिने देवयानीला सोपे गेले नाहीत. मुलाखतीत विचारायचे, आधीची नोकरी का सुटली? ती खरं सांगायची, आणि समोरचे विषय बदलायचे. मी एकदा म्हटलं, "थोडं गुळगुळीत करून सांग की." ती माझ्यावर भडकली. "मग हॉटेलातच गुळगुळीत केलं असतं ना! एवढं कशाला सोसलं?" एका संध्याकाळी तिनं खरंच बॅग काढून पलंगावर ठेवली होती.

तेव्हा श्यामलाताईंनी कळवलं, की कार्डिफच्या ज्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्या काम करतात, तिथे रुग्णांच्या फोनसेवेसाठी प्रमुख हवी आहे. ताईंनी शब्द टाकला नाही, फक्त जाहिरात कळवली, हे त्या आवर्जून सांगायला लावतात. मुलाखतीत तोच प्रश्न आला. देवयानीनं सगळं सांगितलं, हॉटेलातल्या कपबश्यांसकट. समोरच्या वृद्ध नर्सबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "आमच्याकडे एखाद्या डॉक्टरचं चुकलं, आणि रुग्णाचा फोन आला, तर तुम्ही काय सांगाल?"

देवयानी म्हणाली, "जे झालं ते."

त्या म्हणाल्या, "सोमवारी येऊ शकाल का?"

सोमवारी नाही जाता आलं, परमिटचे कागद यायला उन्हाळा गेला. पण ते आले. उद्या सकाळी ती निघते आहे, आणि रेखाताईंनी वाटेसाठी काय काय बांधलंय ते बघता गाडीत देवयानीला जागा उरेल की नाही, शंका आहे.

देवयानी, तुझं अभिनंदन करायला मी उभा राहिलो, आणि अर्धा वेळ दुसऱ्याच माणसाला शिव्या घातल्या. काय करू, राग अजून उतरलेला नाही. तू मात्र एकदाही त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाहीस. ते मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतही नाही. पण कार्डिफमध्ये घाबरलेल्या माणसानं फोन केला, तर पलीकडून तुझा आवाज येईल, या विचारानं मला आज बरं वाटतंय.

अध्यक्षमहाराजांनी मला एवढा वेळ बोलू दिलं, तुम्ही पुलाव गार होत असतानाही ऐकलंत, आणि हॉलच्या केअरटेकरनी घड्याळाकडे बघून नुसतंच खाकरलं, या सगळ्यांचे आभार. बोलताना माझी जीभ घसरली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर चूक माझी आहे. इथे, सगळ्यांसमोर, मी माफी मागतो. बघा, मागून झालीसुद्धा. माझं काही कमी झालं का?