समजलं का?

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन शिक्षिका होत्या.

“वैजयंतीबाई, आपल्या शाळेत नव्याने लागलेल्या इक्राचं शिक्षकांसाठीचं वर्कशॉप कसं झालं? पहिलंच ना तिचं?”

“पहिलंच. पोरीने फळ्यावर उर्दूत चार शब्द लिहिले, एकदा वाचले आणि विचारलं, ‘समजलं का?’”

“मग?”

“आम्ही चाळीस जण एका सुरात, ‘होऽऽ!’”

“तुम्हाला उर्दू येतं?”

“कुठलं! तिने फळा पुसला. म्हणाली, ‘आता लिहा.’ तीस वर्षं शिकवतेय मी, पण शेजारणीच्या वहीत बघून लिहिलं.”

“पकडलं तिने?”

“पकडलं. शेजारी येऊन बसली, हळूच म्हणाली, ‘बाई, उजवीकडून सुरू करा.’”

“बस्स?”

“बस्स. आणि आदल्याच दिवशी मी तिसरीतल्या ईश्वरीला शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं.”