भाटोजी अन् लाल बटन

माहा गाव बोदलकसाच्या तलावाजवर. निन्यानव साली मी राइस मिलीत हमालीले लागलो, मंग मोठं गोदाम झालं, त्यात सिझर लिफ्ट आली, कैचीवानी उघडते अन् पिंजरा घेऊन वर जाते, खाली चाकं असतेत, पिंजऱ्यातल्या दांडीनं पुढंमागंही चालते. साहेबानं मले चार दिवस सिकवला अन् ऑपरेटर केला. काय सांगू तुमाले जी, पहिल्या दिवसी वर गेलो तं दोन्ही हातानं कठडा धरून खालीच बसलो, खालचे सारे हासून राहिले.

सिकवनाऱ्यानं एकच गोष्ट धा वेळा सांगतली, दोन्ही पाय पिंजऱ्याच्या फर्सीवर, कमरेचा पट्टा पिंजऱ्याच्या कड्याले अडकवलेला, अन् खाली एक मानूस उभा. खाली लाल बटन असते, ते दाबलं का मशीन मेली, वरच्यानं केतीही दांडी हालवली तरी.

आता भाटोजी. बाईचे मालक, बाई म्हंजे माही मोठी बहीन, एकच हाये. भाटोजी जंगलातल्या गावचे, मोहाची फळं तोडाले उंच उंच झाडावर चढलेले. त्याह्यले गोदामात मीच लावलो, अन् तेथंच फसलो. आमच्याकडं जवायाले कोनी अरे म्हनत नाई, खाटेवर बसवतेत, पहिलं ताट त्याह्यचं, अन् येथं मी त्याह्यचा मुकरदम.

एक दिवस छताचा बल्ब बदलाचा होता. भाटोजी वर, मी खाली. हात पुरेना तं हे बाप्पा कठड्यावर चढले, पट्टा काढून, अन् वरूनच वाकून दांडी ढकलून लिफ्ट पुढं नेऊन राहिले. खाली सिमिटाची फर्सी. माह्या डोऱ्यापुढं बाईचं कुकवाचं कपार आलं जी. मी म्हनलो, भाटोजी, उतरा. ते म्हनले, कायले भेतं गा, मी झाडावर चढलो हावो. बाजूले उभा म्यानेजर म्हने, अरे करने दो, दो मिनट का काम है. मी लाल बटन दाबलो. म्हनलो, पाय फर्सीवर ठेवत नाई, पट्टा लावत नाई, तवर मशीन हालत नाई, म्यानेजर काढून टाको मले.

अर्धा घंटा ते वरून सिव्या देत राहिले, मंग कठड्यावरून उतरून पट्टा लावले, तवा मी बटन सोडलो, अन् खाली आल्यावर ते पट्टा फेकून सिधे घरी गेले. चार मानसांत जवायाचा मान काढला म्हने, तुह्या दारात पाय ठेवनार नाई. बाई फोनवर रडे, तुले दुसरा मानूस भेटला नाई काय गा. त्या भाऊबीजेले बाई आली नाई. माय जेवली नाई, अन् मले वाटे, बहीन गमावली मी एका बटनासाठी.

भाटोजी नागपूरकडं दुसऱ्या कामावर गेले, तेथं ते असल्याच लिफ्टचे ऑपरेटर झाले. पुढच्या भाऊबीजेले बाईसंग दारात उभे. जेवताना म्हनले, तुह्यामुळं माहा लहान भाऊ माह्यासी बोलत नाई. मी इचारलो, काऊन जी? तं म्हनले, त्यालेही तेथंच कामाले लावलो, तो कठड्यावर चढला होता, मीनं लाल बटन दाबलो.

मी म्हनलो, बोलत नाई म्हंजे जित्ता हाये ना भाटोजी.

त्याह्यनं ताट पुढं सरकवलं अन् बाईले म्हनले, भात वाढ वो. मायनं दूध घातलं त्याह्यच्या भातावर. मी आजही तेच काम करून राहिलो जी, कोनी ना कोनी रुसलेलाच असते माह्यावर. रुसू द्या बाप्पा, सांजच्याले सारे आपल्या आपल्या घरी जेवतेत.